सोन्याची खाण जमिनीखाली असते, मग वरच्या जमिनीला काय धोका?

धोका असतो, आणि खाण बंद झाल्यावरही तो संपत नाही. कर्नाटकातलं कोलार बघा. तिथली चॅम्पियन रीफ खाण 3 किलोमीटरहून खोल गेली. इतक्या खोलवर दाबाखालचा खडक अचानक फुटायचा. हादरा वर पोचून घरांच्या भिंतींना तडे जायचे.

पण खरं दुखणं उघड्यावर पडलंय. टनभर दगडातून मिळणार जेमतेम काही ग्रॅम सोनं, म्हणजे बाकी सगळा दगड दळून, सायनाइडच्या पाण्यातून काढून वरच टाकायचा. त्या राखाडी टेकड्या आजही वस्तीला लागून आहेत. वारा सुटला की ती बारीक भुकटी घराघरांत शिरते, पावसात ओहोळांतून शेतात उतरते. खाण 2001 मध्येच बंद झाली. टेकड्या तिथल्या लोकांच्या वाट्याला आल्या.