नळ बंद कर

ताई, लग्नाला आठ महिने झाले. नवऱ्याचा सात वर्षांचा कुत्रा आहे, भुऱ्या. मला कुत्र्यांची ॲलर्जी आहे, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, हे मी लग्नाआधीच सांगितलं होतं. 'होईल सवय' असंही मीच म्हणाले होते. नवऱ्याने माझ्यासाठी भुऱ्याचे केस बारीक करून घेतले, हॉलमध्ये एअर प्युरिफायर आणला. तरी त्रास आहेच. भुऱ्या रात्री आमच्या पायाशी झोपतो. सासूबाई म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ. रात्री दम लागला तर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून श्वासाचा पंप (इनहेलर) घेते, म्हणजे कुणाची झोपमोड होत नाही. परवा विषय काढला तर नवरा म्हणाला, 'आता तर बरी दिसतेस की! झाली ना सवय?' मला रडूच फुटलं. त्याला माझ्यापेक्षा कुत्रा जास्त आहे का? भुऱ्याला दुसरीकडे पाठव म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन का?

---

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. नळ सोडून.

तुझे दोन्ही प्रश्न मी आत्ता बाजूला ठेवते. भुऱ्यावर तू जवळजवळ अख्खं पत्र खर्च केलंस आणि या नळाला एक ओळ दिलीस, तीही जाता जाता. मला त्या ओळीबद्दलच बोलायचं आहे.

झोपमोड होऊ नये म्हणून, असं तू लिहितेस. मला ते पटत नाही. त्यासाठी दार लोटून घेणं पुरे होतं. नळ सोडायचा तो आवाज झाकायला. पंपाचा आवाज तो केवढा! दाबला की फुस्स, संपलं. तू झाकतेस ती धाप आहे, छातीतली शिट्टी आहे. माझ्या आईला दमा होता. तो आवाज पलीकडच्या खोलीतही ऐकू येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुलाही माहीत आहे, म्हणून तर नळ.

म्हणून मला राग आला तो तुझा, तुझ्या नवऱ्याचा नाही. तू त्याला शिंका सांगितल्यास, त्याने शिंकांवर उपाय केले. उपाय चुकले, ते सोड. ॲलर्जी केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या बारीक कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यांची ती ॲलर्जी. केस फक्त ती वाहून नेतात. म्हणून केस कापून फारसं काही साधत नाही, आणि 'या जातीच्या कुत्र्याची ॲलर्जी होत नाही' असं जे सांगतात त्यालाही आधार नाही. प्युरिफायर हॉलमध्ये आणि कुत्रा तुझ्या पायाशी, मग त्या यंत्राने करायचं काय? पण त्याला जेवढं कळलं तेवढ्यावर तो धावला ना? जे आठ महिने पाण्याच्या आवाजाखाली दाबून ठेवलंस, त्यावर तो कसा धावणार? दिवसा त्याला तू दिसतेस ती बरीच दिसतेस. रात्रीची तू त्याने पाहिलेलीच नाहीस. प्रश्नपत्रिका न देताच त्याला नापास केलंस आणि मग रडलीस.

का लपवलंस, तेही मला कळतं. 'होईल सवय' हा शब्द तू दिला होतास. नव्या घरात आल्या आल्या पहिलाच शब्द खोटा पडतोय, असं तुला वाटलं असणार. त्यातून सासूबाई मनाचे खेळ म्हणतात. बाई गं, तो शब्द पाळणं तुझ्या हातात नव्हतंच. शरीर एखाद्या प्रथिनाला शत्रू मानून बसलं की ते भिडस्तपणाने माघार घेत नाही. आणि तू कबूल केल्या होत्यास त्या शिंका. दम कबूल केला नव्हतास. त्रास नाकातून छातीत उतरला तेव्हाच जुना करार संपला, हे तू कुणाला सांगितलंच नाहीस.

आता जरा कडक बोलते. रात्री दम लागून उठावं लागणं म्हणजे दमा आटोक्यात नसणं. डॉक्टर दम्याच्या रुग्णाला हा प्रश्न हमखास विचारतात. तातडीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर तीही तीच खूण. तो पंप आवळलेल्या श्वासनळ्या काही तासांपुरत्या सैल करतो, आतली सूज तशीच राहते. ती उतरवायला वेगळं, नियमित घ्यायचं औषध असतं. नुसत्या तातडीच्या पंपावर दमा काढू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना 2019 पासून स्पष्ट सांगतात. रिकामे पंप कुठे टाकतेस? तेही लपवूनच ना? मोज ते. एका पंपात साधारण 200 फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त लागत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो.

आणि मोठा झटका आला तर तू कुठे असशील, याचा विचार केलास? दार लावलेलं, नळ धो धो चालू. दम कोंडलेल्या माणसाला मोठ्याने हाक मारता येत नाही. आलीच तर ती हाक त्या पाण्यात विरून जाईल. तुझ्यापासून दहा पावलांवर झोपलेला माणूस सकाळपर्यंत झोपूनच राहील. हे लिहिताना माझाच हात जड होतोय.

तेव्हा एकच गोष्ट कर, आणि आजच कर. दम लागायची वाट पाहू नकोस. झोपण्याआधी पंप त्याच्या हातात दे आणि सांग, "मला रात्री दम लागतो. आठ महिने मी नळ सोडून हा घेतेय. आजपासून तुला उठवणार आहे." एवढंच बोल. त्यात भुऱ्याचं नाव काढू नकोस. कुत्र्याचा विषय निघाला की भांडण कुत्र्यावर जाईल आणि तुझा श्वास पुन्हा बाजूला पडेल. मग खरंच दम लागला की दिवा लाव, त्याला हलवून उठव आणि पलंगावर बसूनच पंप घे. शिट्टी ऐकू दे त्याला. पंप घेऊनही आराम पडला नाही, एक वाक्य सलग बोलता येईना, तर सकाळची वाट न बघता दोघांनी दवाखाना गाठायचा.

त्या रात्रीनंतर भुऱ्याचं अंथरूण खोलीबाहेर जाईल असं मला वाटतं, आणि ते त्यानेच उचलून नेलेलं बरं. डॉक्टरांकडेही त्याला घेऊनच जा. त्वचेवर थेंब ठेवून हलकेच टोचून ॲलर्जीची चाचणी करतात, पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते की नाही ते दिसतं. मनाच्या खेळाने गांध उठत नाही, ते सासूबाईंनाही दाखवता येईल. कदाचित कुत्र्याइतकाच तुमच्या गादीतल्या धुळीच्या किड्यांचाही हात निघेल. सर्दीच्या गोळ्या घेत असशील तर चाचणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टरांनाच विचार.

भुऱ्या राहील की जाईल, ते मला ठाऊक नाही. डॉक्टर कदाचित सांगतील की त्याला दुसरं घर शोधा, आणि तसं सांगितलं तर ते ऐकायचं. पण आज तो गेला तरी त्याचा कोंडा गाद्यांत, पडद्यांत, सोफ्यात महिनोन् महिने राहतो. म्हणजे कुत्रा गेलेला, नवरा दुःखात आणि तू तरीही त्या नळापाशीच. सात वर्षं जीव लावलेलं जनावर दूर करायचं का, हे त्याला तुझी रात्र डोळ्यांनी पाहून ठरवू दे. ऐकीव शिंकांवरून नको.

पंप आत्ता कुठे आहे? बाथरूमच्या फळीवर, कशाच्या तरी मागे असणार. जा, घेऊन ये आणि उशीशेजारी ठेव, त्याच्या बाजूला.