मुखावरचा पहारेकरी
(वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे)

प्रश्न : रोज पहाटेच्या प्रार्थनेत मी स्वतःला देवाच्या हाती सोपवते आणि आज माझ्या तोंडून कोणाला लागेल असा शब्द जाऊ नये, अशी विनंती करते. दुपार होईपर्यंत ते समर्पण कुठे विरून जाते, कळत नाही. विशेषतः कोणी माझ्यावर अन्यायाने ठपका ठेवला की माझा तोल सुटतो, मग दिवसभर मनाला टोचणी लागते. मध्यंतरी काही दिवस अजिबात उत्तर द्यायचे नाही, असे ठरवूनही पाहिले. पण त्याने आतली धुसफूस वाढलीच. माझे समर्पण मुळातच खोटे आहे का? — एक भगिनी

उत्तर : आपल्या पत्रातल्या ‘अन्यायाने’ या शब्दापाशी मी थांबलो. आपली जीभ दिवसभर आणि सर्वांवरच सुटत नाही. आपल्या नावाला नाहक धक्का लागतो तेव्हाच ती सुटते. याचा अर्थ दुखणे जिभेचे कमी आणि आपली बाजू मांडणार कोण, या प्रश्नाचे अधिक आहे. पहाटे आपण दिवस देवाला देता, परंतु आपले नाव सांभाळण्याचे काम मात्र स्वतःकडेच ठेवता, असे मला वाटते. मीही कित्येक वर्षे तेच केले आहे, म्हणून हे ओळखणे मला जड गेले नाही.

बायबलमधल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून पाहावा. कठोर धन्यांच्या घरी राबणाऱ्या आणि विनाकारण मार खाणाऱ्या दासांना लिहिताना पेत्र त्यांच्यासमोर ख्रिस्ताचे उदाहरण ठेवतो : त्याची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, दुःख सोसताना धमकावले नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याकडे सोपवून दिले (२:२३). वाणीचा संयम आणि समर्पण या दोन गोष्टी येथे एकाच वाक्यात आल्या आहेत, आणि पहिलीचे कारण दुसरी आहे. आपला खटला योग्य न्यायाधीशापुढे आहे याची ज्याला खात्री आहे, त्याला रस्त्यात उभे राहून तो ओरडून चालवावा लागत नाही. मूळ ग्रीक वाक्यातले दोन बारकावेही ध्यानात घेण्याजोगे आहेत. काय सोपवले, हे तेथे सांगितलेलेच नाही. ‘स्वतःला’ हा शब्द भाषांतरकार अर्थासाठी घालतात. शिवाय क्रियापदाचे रूप एकदाच घडून संपलेल्या कृतीचे नाही, ‘सोपवीत राहिला’ असा त्याचा भाव आहे. म्हणजे प्रत्येक निंदेगणिक पुन्हा सोपवणे आले. गेथशेमाने बागेतही, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, ही प्रार्थना येशूने तीनदा केली, असे शुभवर्तमानकार मत्तय नोंदवतो. तेव्हा पहाटेची एक प्रार्थना दुपारपर्यंत पुरली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ती फक्त दुपारी पुन्हा करायची राहिली. (हे लिहिणारा पेत्र येशूच्या खटल्याच्या रात्री अंगणात शेकत बसून शपथा वाहत, प्रभूला मी ओळखत नाही म्हणाला होता. जिभेविषयी बोलण्याचा अधिकार त्याला असा महागात मिळाला.)

आता मौनाच्या आपल्या प्रयोगाविषयी. बायबलमधल्या ३९ व्या स्तोत्रात नेमका हाच प्रयोग आहे. जिभेने पाप घडू नये म्हणून मी तोंडाला लगाम घालीन, असा निश्चय स्तोत्रकर्ता करतो, मुका होऊन बसतो, आणि लगेच सांगतो की वेदना वाढली, अंतःकरण तापले, विचार करता करता आग भडकली. शेवटी तो बोलतोच. पण त्याचे पहिले शब्द वाचून पाहा : ‘हे परमेश्वरा’ असे ते आहेत. निश्चय मोडला खरा, तो योग्य दिशेने मोडला. १४१ व्या स्तोत्रात तर मी लगाम घालीन हे म्हणणेही नाही. माझ्या मुखावर तू पहारा ठेव, अशी तेथे परमेश्वराला विनवणी आहे. याकोबाच्या पत्रात पशू, पक्षी, सरपटणारे जीव व जलचर यांना माणसाने वश केले, परंतु जिभेला कोणी मनुष्य वश करू शकत नाही, असे म्हटले आहे. त्यावर प्राचीन काळचे बिशप व धर्मचिंतक ऑगस्टीन यांनी फार मार्मिक बोट ठेवले होते : कोणीच करू शकत नाही असे याकोब म्हणत नाही, कोणी ‘मनुष्य’ करू शकत नाही असे म्हणतो, म्हणून ती वश झाली की देवाच्या दयेचीच ती करणी मानावी.

मात्र पहारा त्याने ठेवायचा म्हणजे आपण नुसते गप्प बसायचे, असे नव्हे. आपण काय करायचे, हे मला हन्नेच्या कथेत सर्वांत स्पष्ट दिसते (१ शमुवेल, अध्याय १). तिची सवत पनिन्ना मूल नसल्यावरून तिला वर्षानुवर्षे डिवचत असे. हन्नेने पनिन्नेला दिलेले एकही उत्तर शास्त्रात नाही. पण तिने ते सगळे गिळून टाकले असेही नाही. मंदिरात जाऊन मनाच्या कडवटपणाने रडत तिने ते परमेश्वरापुढे ओतले. ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून एली याजकाने तिला मद्यपी ठरवले. पाहा, ऐन प्रार्थनेत आणि तेही याजकाकडून आलेला हा खोटा आरोप! त्या क्षणी तिचा तोल सुटता तर कोणी तिला दोष दिला नसता. ती एवढेच म्हणते की महाराज, तसे नाही; मी दुःखी स्त्री आहे, द्राक्षारस वा मद्य मी प्यायलेले नाही, परमेश्वरापुढे मी आपले मन ओतत आहे. तिने आरोप नाकारला, खरे कारण सांगितले, आणि एलीविषयी एकही बोचरा शब्द काढला नाही. बोचरे जे होते ते आधीच योग्य जागी पोचले होते.

म्हणून एक विनंती करतो. आपली पहाटेची प्रार्थना कदाचित फार नीटनेटकी असावी. आपण देवाकडे चांगले शब्द मागता. कडू शब्द मात्र त्याच्यापुढे काढणे अनादराचे वाटून मागे ठेवता, आणि मग तेच दुपारी वाट फोडून बाहेर येतात. ज्या वाक्याने समोरच्याला घायाळ करावेसे वाटते, ते वाक्य आधी देवाला जसेच्या तसे ऐकवा. विनाकारण सर्व काही गमावलेल्या ईयोबाने देवाशी याहून कठोर भाषा वापरली, आणि अखेरीस त्याच्या धार्मिक बोलणाऱ्या मित्रांविषयी परमेश्वर म्हणाला की माझ्याविषयी ते ईयोबासारखे यथार्थ बोलले नाहीत. त्यानंतरही समोरच्याला उत्तर द्यायचे असेल तर अवश्य द्यावे. ते हन्नेच्या उत्तराएवढे लहान झालेले असेल, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक वेळी नव्हे, पण बऱ्याचदा.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात ‘अमक्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून सुरुवात होते आणि त्या कुटुंबाच्या भांडणाचा, कर्जाचा, मुलांचा सगळा वृत्तांत सांगितला जातो. हेतू चांगला असतो, पण मला अवघडल्यासारखे होते. हे चूक आहे का?

उत्तर : होय, चूक आहे, आणि हेतू चांगला असल्यामुळे ती लवकर ध्यानात येत नाही. आपण मागण्यापूर्वीच आपल्याला कशाची गरज आहे हे आपला पिता जाणतो, असे येशूने सांगितले. मग तो तपशील नेमका कोणासाठी सांगितला जात होता? ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याला ते ठाऊक आहे का आणि किती सांगावे हे त्यानेच ठरवले आहे का, एवढे विचारावे. तसे नसेल तर नाव पुरे, आणि कधी कधी नावही नको. कोणाचा अपराध दिसला असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायानुसार पहिले पाऊल त्याच्याकडे एकांतात जाण्याचे आहे, गटाकडे जाण्याचे नाही.

ऑगस्टीन यांच्या जेवणाच्या मेजावर, गैरहजर माणसाच्या चारित्र्याचे लचके तोडणाऱ्याला येथे स्थान नाही अशा अर्थाच्या ओळी लिहिलेल्या होत्या, आणि एकदा काही परिचित बिशपच तो नियम विसरले तेव्हा ऑगस्टीन त्यांना म्हणाले की एकतर या ओळी पुसून टाका, नाहीतर मी उठून जातो. ही हकिकत त्यांचे चरित्रकार पॉसिडियस यांनी लिहून ठेवली आहे. हे वळण त्यांना घरातूनच मिळाले असावे. आई मोनिका यांच्याविषयी ते सांगतात की भांडणाऱ्या दोघी त्यांच्याजवळ एकमेकींविषयी वाटेल ते बोलत, पण जे सांगितल्याने दोघींचा समेट होईल तेवढेच मोनिका दुसरीला कळवीत. आपल्या गटात अशी एक जरी व्यक्ती असेल तरी खूप फरक पडेल. सर्वांसमोर गटाला सुनावण्यापेक्षा पुढल्या वेळी आपणच एखादी विनंती दोन वाक्यांत सांगावी आणि लगेच प्रार्थनेला सुरुवात करावी. लाकूड नसले म्हणजे विस्तव विझतो, असे नीतिसूत्रांत म्हटलेच आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एका गरीब सभासदावर उघड अन्याय होत आहे. मी बोलू लागलो तेव्हा ‘जीभ आवरा, सर्व देवावर सोपवा’ असे मला सांगण्यात आले. मी गप्प बसावे का?

उत्तर : बसू नये. स्वतःचा खटला देवाकडे सोपवणे हे समर्पण आहे. दुसऱ्याचा खटला त्याला न विचारता सोपवून मोकळे होणे याला मी वेगळे नाव देईन. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात मुक्यासाठी आपले तोंड उघड, अशी स्पष्ट आज्ञा आहे. वर सांगितलेल्या ३९ व्या स्तोत्रातही स्तोत्रकर्ता कबूल करतो की त्या हट्टी मौनात मी चांगलेही बोललो नाही. आणि १४१ व्या स्तोत्रात पहारा मागितला आहे तो ओठांच्या दारावर. दार उघडण्यासाठीही असते. येशू चमत्कार पाहायला आतुर झालेल्या हेरोद या राज्यकर्त्यापुढे एक शब्दही बोलला नाही, परंतु ज्या शिपायाने त्याला चपराक मारली त्याला त्याने विचारले की मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, योग्य बोललो असेन तर का मारतोस? आपणही आपण पाहिलेले तेवढेच, कोणावर हेतूचा आरोप न करता, मंडळीच्या पंचांना लेखी कळवावे. आणि त्याआधी त्या सभासदाला भेटून, त्याच्या वतीने बोललेले त्याला चालेल का, हे विचारावे.