शिष्यवृत्ती देणाऱ्याला काय हवे असते?

परदेशी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्त्यांविषयी आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे त्यातच येतात.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या वर्षात शिकते. पदव्युत्तर शिक्षण परदेशात घ्यावे अशी इच्छा आहे, परंतु संपूर्ण खर्च पेलणे घरच्यांना शक्य नाही. गेले तीन महिने मी शिष्यवृत्त्यांच्या याद्या गोळा करते आहे. वहीत साठाहून अधिक नावे झाली, पण अर्ज एकही झालेला नाही. सुरुवात नेमकी कोठून करावी?

उत्तर : त्या साठांपैकी बहुतेक नावे तुम्हाला एका संध्याकाळी खोडता येतील आणि तीच तुमची सुरुवात ठरेल. याद्या तयार करणारे रक्कम ठळक छापतात व पात्रतेच्या अटी तळाशी ठेवतात. तुम्ही मात्र वाचायला तळापासून लागा. शिष्यवृत्ती देणाऱ्या प्रत्येक सरकारचा, विद्यापीठाचा किंवा न्यासाचा पैसा खर्च करण्यामागे काही हेतू असतो आणि तो हेतू सर्वांत स्पष्टपणे अटींमध्येच दिसतो. उदाहरणार्थ, १९८३ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती पुढे आपापल्या देशात नेतृत्व करू शकतील अशा माणसांच्या शोधात असते. म्हणून ती किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव मागते, एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा खर्च उचलते आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट घालते. तुमची पदवीच अजून पूर्ण व्हायची आहे, तेव्हा गुण कितीही उत्तम असले तरी हे नाव आज तुमच्या उपयोगाचे नाही. जर्मनीच्या डीएएडी या संस्थेकडून विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांनाही साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो. अशी नावे वहीच्या शेवटच्या पानावर हलवावीत. नोकरीला लागल्यावर ते पान पुन्हा उघडता येईल.

आता तुम्हाला पुढच्याच वर्षी लागू पडणारा मार्ग पाहू. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेतील संयुक्त अभ्यासक्रम किमान दोन देशांतील विद्यापीठांत शिकवले जातात आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थीही त्यांच्यासाठी अर्ज करू शकतात. निवड झाल्यास शिक्षणशुल्क भरावे लागत नाही व दरमहा १,४०० युरो मिळतात. मात्र विमानप्रवास आणि व्हिसाचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो, ही गोष्ट जाहिरातवजा लेखांत क्वचितच सांगितली जाते. या योजनेचा एकच सामाईक अर्ज नसतो, प्रत्येक अभ्यासक्रमाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्यामुळे आधी अभ्यासक्रम निवडावा आणि मग शिष्यवृत्ती, हा क्रम तेथे आपोआपच पाळला जातो. माझ्या मते इतर सर्व ठिकाणीही तोच क्रम योग्य आहे.

दुसरे असे की, ज्याला शिष्यवृत्ती हे नावच नाही असा पैसाही पुष्कळ असतो आणि तो कोणत्याही यादीत सापडत नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे शुल्क माफ करून त्यांना अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून मानधन देतात. ही माहिती त्या त्या विभागाच्या पानावर, प्रवेशाच्या नियमांमध्ये दिलेली असते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेतच नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. शुल्कच नसेल तर फक्त निर्वाहाची सोय करायची उरते आणि तेवढ्यापुरती छोटी मदत पूर्ण शिष्यवृत्तीपेक्षा मिळवायला सोपी असते. पदवी संपण्यापूर्वी एखादे सत्र परदेशात काढण्याची तयारी असल्यास तुमच्या महाविद्यालयाचा कोणत्या परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थी-देवाणघेवाणीचा करार आहे, हेही विचारावे. अशा करारांत बहुधा शुल्क आपल्याच संस्थेत भरायचे असते व तेथे मिळवलेली श्रेयांके इकडे धरली जातात. सूचनाफलकावरील हा कागद फारसे कोणी वाचत नाही, म्हणून स्पर्धाही कमी असते.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि बहुतेक संधी हातच्या जातात त्या येथेच. इरॅस्मस मुंडसचे बरेचसे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात स्वीकारले जातात, तर शिक्षण सुरू होते त्यानंतरच्या शरद ऋतूत. म्हणजे तयारी जवळजवळ वर्षभर आधी हवी. फ्रान्स सरकारच्या आयफेल शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थ्याला थेट अर्ज करताच येत नाही. नाव तेथील शिक्षणसंस्थेने सुचवावे लागते आणि त्यासाठी संस्थेने ठरवलेली अंतर्गत मुदत सरकारी मुदतीच्या आधीच संपते. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीला दूतावासामार्फत आणि विद्यापीठामार्फत असे दोन मार्ग आहेत व दोन्हींची वेळापत्रके निराळी आहेत. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरले जात असल्याने त्या फार लवकर देऊनही उपयोग नाही. तेव्हा वहीत नावांऐवजी तारखा लिहा, आणि शिफारसपत्रे व गुणपत्रके हाती येण्यासाठी प्रत्येक तारखेच्या किमान दोन महिने आधीची दुसरी तारीख तिच्याशेजारी नोंदवा.

प्रश्न : माझे गुण वर्गात पहिल्या तिघांत असतात. मागील वर्षी पाच ठिकाणी अर्ज केले, पाचही नाकारले गेले. उद्देशपत्र मी अत्यंत काळजीपूर्वक लिहून सर्वत्र तेच पाठवले होते. शिफारसपत्र विभागप्रमुखांचे होते. चूक कोठे झाली असावी?

उत्तर : तुमच्या पत्रातच ती दोनदा आली आहे. पाच संस्थांचे हेतू पाच असताना एकच उद्देशपत्र सर्वांना लागू पडत असेल, तर ते त्यांपैकी कोणासाठीच लिहिलेले नसते. लहानपणापासून या विषयाची आवड असल्याचे सांगणारा पहिला परिच्छेद तुम्हीही लिहिला असेल, तर तो निःशंक काढून टाका. निवड समितीने तो त्याच दिवशी अनेकदा वाचलेला असतो. त्याऐवजी एखाद्या प्रकल्पात तुम्ही कोणता प्रश्न हाताळला, कोठे अडलात, ते अडणे दूर करण्यासाठी याच अभ्यासक्रमातील कोणता विषय किंवा कोणती प्रयोगशाळा हवी आहे आणि परतल्यावर किंवा पुढे त्याचे काय करणार, हे सलगपणे सांगा. मजकुराचा गाभा एकच राहू शकतो, मात्र शिष्यवृत्ती देणाऱ्याच्या हेतूशी त्याची सांगड घालणारा भाग दर वेळी नव्याने लिहावा लागतो. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेला तुमचे समाजकार्य वरवर सांगितलेले पुरते, पण नेतृत्व शोधणाऱ्या संस्थेसमोर तेच विस्ताराने मांडावे लागेल.

शिफारसपत्राबाबत म्हणाल, तर पदापेक्षा परिचय महत्त्वाचा आहे. विभागप्रमुखांनी तुम्हाला कदाचित केवळ हजेरीपटावर पाहिले असेल. 'विद्यार्थी हुशार, नम्र व मेहनती आहे' यापलीकडे ते बिचारे काय लिहिणार? ज्या कनिष्ठ प्राध्यापिकेने तुमचा प्रकल्प तपासला आणि तीन वेळा परत केला, त्यांचे पत्र कितीतरी अधिक बोलके होईल. त्यांना मुदतीच्या सहा आठवडे आधी भेटा व शिष्यवृत्तीची माहिती, आपले उद्देशपत्र आणि गुणपत्रक त्यांच्या हाती द्या. पत्राचा मसुदा तुम्हीच करून आणा असे कोणी म्हटल्यास तो मोह टाळावा. दोन पत्रांतील एकसारखी भाषा समितीच्या लगेच लक्षात येते.

प्रश्न : मी अर्ज केलेला नसतानाही एका परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवड झाल्याचा ईमेल आला आहे. तीन दिवसांत प्रक्रिया शुल्क भरण्यास सांगितले आहे. भरावे का?

उत्तर : भरू नये. प्रवेश अर्जाचे शुल्क विद्यापीठे घेतात हे खरे, पण न केलेल्या अर्जावर निवड आणि निवडीनंतर शुल्काची घाई या दोन गोष्टी एकत्र आल्या की शंकेला जागाच उरत नाही. पासपोर्टची प्रत किंवा बँक खात्याचा तपशील पाठवला असेल, तर तो आजच बँकेला कळवा.

प्रश्न : अमेरिकेतील एका विद्यापीठाने पदव्युत्तर प्रवेशासोबत निम्मे शुल्क माफ करण्याचा प्रस्ताव दिला असून फेब्रुवारीअखेर होकार मागितला आहे. अधिक चांगल्या शिष्यवृत्तीचा निकाल मात्र मार्चमध्ये आहे. काय करावे?

उत्तर : अमेरिकेतील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेचा एक ठराव अनेक विद्यापीठांनी मान्य केलेला आहे. त्यानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला दिलेल्या आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. ठराव मान्य करणाऱ्या विद्यापीठांची यादी संघटना प्रसिद्ध करते. तीत तुमच्या विद्यापीठाचे नाव आहे का ते पाहा, आणि असल्यास त्या ठरावाचा उल्लेख करून मुदतवाढीची नम्र विनंती करा. नाव नसले तरी विनंती करायला हरकत नाही. दुसऱ्या निकालाची वाट पाहत असल्याचे मोकळेपणाने लिहावे, त्यात काही गैर मानले जात नाही.

दरम्यान निम्म्या माफीचा हिशेब नीट मांडा. उरलेले निम्मे शुल्क, आरोग्यविमा, राहणे, जेवण आणि व्हिसासाठी दाखवावी लागणारी रक्कम धरली, तर काही वेळा पूर्ण शुल्क आकारणारे पण स्वस्त गावातले विद्यापीठ कमी खर्चाचे ठरते. ही माफी एका वर्षापुरती आहे की अभ्यासक्रम संपेपर्यंत, ती टिकवण्यासाठी किती सरासरी गुण राखावे लागतात आणि बाहेरची दुसरी शिष्यवृत्ती मिळाल्यास ही कमी होते का, हे तीन प्रश्न होकार देण्यापूर्वी विचारा. दूरध्वनीवरील आश्वासनावर विसंबू नका. विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावरून आलेले लेखी उत्तरच धरून चाला.