समुद्र नको, डोंगरातलं तळं हवं

प्रश्न : ताई, आम्ही म्हापशाचे. मुलं समुद्राला कंटाळली आहेत. मे महिन्यात एक दिवस डोंगरातल्या पाण्याकाठी घालवायचा आहे. साळावली धरणाच्या जलाशयाचं नाव ऐकलंय. मुलगा बारा वर्षांचा, बागाच्या समुद्रात छान पोहतो, त्याला पाण्यात उतरायचंच आहे. ह्यांना होडी चालवायची आहे आणि काठावर कोळशावर बांगडे भाजायचेत. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे. जमेल का सगळं?
एक वाचक, म्हापसा

उत्तर : सगळं नाही जमायचं. साळावलीला जरूर जा, पण पोहणं नाही, चूल नाही आणि होडीही नाही. एवढं ऐकून राग आला नसेल तर पुढचं वाचा.

समुद्रात पोहणाऱ्या मुलांना वाटतं, लाटा नाहीत म्हणजे पाणी सोपं. खारं पाणी जड असतं, ते माणसाला उचलून धरतं. गोड्या पाण्यात तेवढा आधार मिळत नाही, आणि हे पोराला कळतं ते काठापासून लांब गेल्यावर, दमल्यावर. त्यातून साळावलीच्या पाण्याखाली झाडांचे बुंधे आहेत, घरांचे चौथरे आहेत. काठ वरून वाळलेला दिसतो, खाली नुसता गाळ. मी स्वतः एकदा शहाणपणा करून पाण्यापाशी गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. भावाने ओढून काढलं, चप्पल अजून तिथंच असेल. आसपासचे लोक मगरींचंही सांगतात. बागाला जीवरक्षक शिट्टी तरी मारतो, इथं कोण मारणार?

होडीची हौस मयेच्या तळ्यावर भागवा. तेही डोंगरांच्या कुशीत आहे, पायांनी चालवायच्या बोटी असतात आणि तुम्हाला म्हापशाहून जवळ पडेल. तो दिवस वेगळा ठेवा.

चुलीचं तर नावच काढू नका. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, आठवतं ना? मे महिन्यात गवताला ठिणगी पुरते. बांगडे घरूनच भाजून न्या. पोईत, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावात, घातलेला थंड बांगडा मला तरी गरम बांगड्याहून आवडतो.

आता खरं सांगायचं ते. मे महिन्यात तुम्ही जिथं चालाल ते तळं नव्हे, ते कुर्डी गाव. माझं आजोळ. साळावली धरणासाठी गाव उठवलं आणि १९८६मध्ये ते पाण्याखाली गेलं. मी तेव्हा सहावीत होते. गावच्या लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत जागा दिल्या. आजी वालकिणीला गेली, पण बोलताना शेवटपर्यंत ‘घरी’ म्हणजे कुर्डीच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाव वर येतं : वाटा, घरांच्या भिंतींचे बुडखे, उभे सुकलेले बुंधे. गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, त्यांच्या घराचे अवशेषही दिसतात. सोमेश्वराच्या देवळापाशी मे महिन्यात जुने गावकरी जमून उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबंही आपल्या कपेलापाशी, म्हणजे छोट्या चर्चपाशी, येतात. त्या दिवशी गेलात तर तुमच्या मुलाला पोहण्याची आठवणही होणार नाही. कुणीतरी म्हातारा त्याला हाताला धरून ‘हें आमचें रांदचें कूड’ (हे आमचं स्वयंपाकघर) म्हणून मोकळी जमीन दाखवील. फक्त फोटोसाठी कुणाच्या जोत्यावर चढू नका. आमची माणसं बोलत नाहीत, पण बघतात.

सकाळी सातला पोचा, दहाच्या आत परत फिरा. सावलीला एक झाड नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि चपला नकोत, बूट घाला.

सासूबाईंना या उन्हात चालवू नका. त्यांना घेऊन तिथून नेत्रावळीला जा. गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड तळी आहे, तळातून सतत बुडबुडे वर येतात. टाळ्या वाजवल्या की जास्त येतात म्हणतात. आमच्या आईने तासभर टाळ्या वाजवल्या होत्या. पायऱ्यांवर बसून सगळं दिसतं, गुडघ्यांना तक्रार नाही. जेवणही आसपासच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, सावलीत उरकेल, आधी मालकाला विचारा मात्र.

धरणाचा सांडवा बघायचा असेल तर पावसाळ्यात पुन्हा यावं लागेल. धरण भरलं की पाणी सांडव्याच्या गोलसर, विहिरीसारख्या तोंडात कोसळतं. बघायचं ते लांबून, कठड्याच्या अलीकडून.

आणि कुर्डीत फिरताना चिऱ्यांच्या जुन्या विहिरी लागतात, काठ फुटलेले असतात. तिथं मुलाचा हात सोडू नका.