'वॉटर'चा अमेरिकन आणि ब्रिटिश उच्चार नेमका कसा वेगळा आहे?

मुख्य फरक दोन ठिकाणी आहे: मधला 'ट' आणि शेवटचा 'र'.

आधी र. इंग्लंडमधल्या प्रमाण उच्चारात तो ऐकूच येत नाही, 'वॉऽट' म्हणून शेवटी एक अर्धवट 'अ' सोडून देतात. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, तर मात्र तो र परत डोकावतो. अमेरिकन माणूस र म्हणतो, पण आपल्यासारखा नाही. त्याची जीभ मागे ओढली जाते आणि तिचं टोक टाळूला कुठेच टेकत नाही.

खरी गंमत 'ट'ची. अमेरिकेत दोन स्वरांमध्ये सापडलेला ट, पुढच्या स्वरावर आघात (बोलताना दिलेला जोर) नसेल तर, सैल पडतो. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला एकदाच निसटतं लागतं. 'वारा' म्हणून बघा, त्यातल्या र ला जीभ जशी लागते जवळपास तशीच. आपल्याला ते 'वॉडर' ऐकू येतं. 'सिटी', 'बेटर'मध्येही हेच. पण 'होटेल'मध्ये आघात ट नंतरच्या स्वरावर, म्हणून तिथे ट शाबूत. 'अ‍ॅटम' आणि 'अटॉमिक' लागोपाठ ऐका, लगेच कळेल.

लंडनच्या कॉकनी बोलीत तर ट गायबच, घसा क्षणभर बंद होतो: 'वॉ-अ'. आणि फिलाडेल्फियाचे जुने रहिवासी चक्क 'वुडर' म्हणतात!

आपला ट मात्र दोघांपेक्षा वेगळा, कारण आपण जीभ आणखी मागे वळवतो. ती थोडी पुढे आणा, निम्मं काम झालं.