तणनाशक शेततळ्यात उतरलं तर माशांच्या पिल्लांना काय होतं?

मोठा मासा तगला म्हणून पाणी चांगलं, असं समजू नका. खरा फटका अंडी आणि जिऱ्याला, म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना बसतो. रोहू-कटला पावसाळ्यात वितात, आणि नेमकी तेव्हाच उसात, मक्यात फवारणी चालू असते. फवारणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला की औषध वाहत सखल भागात, म्हणजे तुमच्या तळ्यात.

प्रयोगशाळेत हे झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशावर तपासतात, कारण त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात आणि धडधडणारं हृदय थेट दिसतं. अंड्यांवरची प्रमाणित चाचणी 96 तासांची असते. मात्रा जास्त झाली की हृदयाभोवती आणि पीतक पिशवीत (पिल्लाला अन्न पुरवणाऱ्या बलकाच्या पिशवीत) पाणी साचतं, ठोके मंदावतात, कणा वाकतो, अंडी उशिरा फुटतात. असं पिल्लू जगलं तरी त्याला धड पोहता येत नाही, मग भक्ष्य काय पकडणार! अंड्याचं कवच थोडंफार संरक्षण देतं, म्हणून बाहेर आल्यावरचे पहिले काही दिवस जास्त नाजूक.

ग्लायफोसेट या तणनाशकाबाबत एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. अनेक मिश्रणांत औषध पानाला चिकटावं म्हणून साबणासारखा पदार्थ घालतात. त्यातला पीओईए हा प्रकार माशांना मूळ औषधापेक्षा जास्त विषारी आहे, तो कल्ल्यांना इजा करतो. त्यामुळे लेबलवर नुसतं तणनाशकाचं नाव वाचून भागत नाही.

बांधालगत गवताचा पट्टा राखा, पाऊस तोंडावर असेल तर फवारू नका. आणि पंप तळ्यात धुऊ नका, हे सांगायला नको, पण धुतात लोक.