टेलच्या शेतकऱ्याला विचारलंस का?

प्रिय,

तुझी बातमी दोनदा वाचली. रात्री एकदा आणि सकाळी चहाच्या आधी एकदा, कारण रात्री सगळ्याच बातम्या चांगल्या वाटतात. कालव्याचा खर्च तिप्पट झाला, पाणी मात्र आलं नाही, आणि शीर्षकात तू सरळ 'घोटाळा' लिहून मोकळी झालीस. तो शब्द बहुतेक खोडावा लागेल. पण आधी पुढचं वाच.

२०१२ मध्ये तू शाळेत असशील. त्या वर्षी राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालातला एक आकडा फार गाजला. २०००-०१ मध्ये पिकाखालच्या एकूण क्षेत्रापैकी १७.८ टक्के सिंचित होतं, २००९-१० मध्ये १७.९ टक्के. म्हणजे दहा वर्षांत ०.१ टक्का, आणि त्याच दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाल्याचं खुद्द मुख्यमंत्री बोलत होते. हा अहवाल कुणी कपाट फोडून आणला नव्हता बरं. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर तो विधिमंडळात मांडतात, पत्रकारांना वाटतात, आणि बहुतेक प्रती यथावकाश रद्दीत जातात. दोन पानांवरचे दोन आकडे कुणीतरी शेजारी ठेवले, एवढंच झालं.

पण त्या बातमीत एक भोक होतं. 'सिंचित क्षेत्र' म्हणजे प्रत्यक्ष भिजलेली जमीन, आणि त्यात विहिरींवर भिजणारी जमीनही धरलेली. पाटबंधारे खातं मोजतं ती 'निर्मित सिंचन क्षमता', म्हणजे एवढं भिजू शकेल असा कागदावरचा हिशोब. शिवाय त्या ७० हजार कोटींत भूसंपादन होतं, अर्धवट पडलेली धरणं होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, दुसरी मोजपट्टी पुढे केली आणि सिंचन ५.१७ टक्क्यांनी वाढल्याचं सांगून टाकलं. झालं! ०.१ खरं की ५.१७ खरं यावर टीव्हीवर भांडणं सुरू झाली. अंदाजपत्रकं फुगली कशी, हा खरा प्रश्न आणि तो बसला कोपऱ्यात.

त्यापेक्षा विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं उदाहरण घे. मूळ किंमत ३७२ कोटी, पायाभरणी १९८८ ची, आणि २०१२-१३ च्या दरांनी सुधारित किंमत १८ हजार ४९४ कोटी. हे दोन्ही आकडे सरकारचेच, त्यामुळे त्यांच्याशी कुणाला भांडता येत नाही. तरीही इथे थांबायचं नाही. प्रत्येक सुप्रमाच्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावात वाढीची कारणं रकान्यांत फोडून दिलेली असतात: दरसूचीतली वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातले म्हणजे डिझाइनमधले बदल, व्याप्तीतली वाढ, अपुरी तरतूद, इतर. दरवाढ आणि भूसंपादन यांचं समर्थन करता येतं, कित्येकदा ते खरंही असतं. तू बोट ठेवायचंस ते 'संकल्पचित्रातले बदल' आणि 'इतर' यांच्यावर. काम दिल्यानंतर संकल्पचित्र बदललं का, कुणाच्या सहीने बदललं, त्याचा फायदा कुठल्या निविदेला झाला? तुझ्या कालव्याच्या बातमीत या रकान्यांचा उल्लेखच नाही. तिप्पट खर्चातला निम्मा जमिनीच्या मोबदल्यात गेला असेल तर तुझं शीर्षक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपेल.

माझं झोपलं होतं. तेव्हा मी तुझ्याच वयाचा. एका गावात कागदावर बंधारा आहे, ओढ्यावर नाही, अशी चार कॉलमी बातमी ठोकली. बंधारा होता. शेजारच्या गटात, ओढ्याच्या वळणापलीकडे. गट नंबर मी नकाशावर न बघता सरपंचाच्या विरोधकाकडून घेतला होता, आणि त्याच्याच मोटारसायकलवर बसून गेलो होतो. तिसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. खरं दुखलं ते पुढे: त्या बंधाऱ्याचं काम खरोखरच निकृष्ट होतं, पण पुढची दोन वर्षं त्यावर कुणी लिहायला तयार होईना.

म्हणून मोजमाप पुस्तिका बघ. सगळे तिला एमबी म्हणतात. बिल निघतं ते एमबीतल्या नोंदीवर. कालव्याला आतून किती मीटर अस्तरीकरण केलं, कालव्याच्या लांबीवरच्या कुठल्या साखळी क्रमांकापासून कुठपर्यंत, ते तिच्यात असतं. माहिती अधिकारात प्रतींबरोबर अभिलेख पाहणीही माग. पाहणीला बसलीस की शेजारच्या नस्त्याही, म्हणजे फायलीही दिसतात. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेव, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतील. तीस दिवस थांब, मग पहिलं अपील. कंटाळवाणं आहे हे सगळं, मला ठाऊक आहे.

आता तुला कार्यालयातल्या टिपणीचा फोटो ज्यांनी पाठवला त्यांच्याबद्दल. सिंचनाच्या त्या गदारोळात विजय पांढरे यांनी पाटबंधारे खात्यात मुख्य अभियंतापदावर असताना स्वतःच्या नावाने मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्रं लिहिली. तेवढी छाती सगळ्यांची नसते, आणि तशी अपेक्षाही धरू नये. तो फोटो छापू नकोस. कोपऱ्यातली लाल शाईची खूण बघून कार्यालयातला शिपाईसुद्धा सांगेल कुणाच्या टेबलावरचा कागद आहे ते. तोच कागद अर्ज करून मिळव.

जाहिरातीचं तू विचारलं नाहीस, पण मला माहीत आहे. ज्या ठेकेदारावर लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाची पानभर जाहिरात आणायला वार्ताहराला पाठवतात. आमच्या वेळी होतं, आज जास्त आहे. यावर माझ्याकडे उपाय नाही. मी जाहिराती आणायचो आणि बातम्याही लिहायचो, आणि दोन्हींत अधूनमधून खोटा पडायचो.

आणि एकटी जाऊ नकोस. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी घातली, त्यात ते गेले; ती त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. घरी आणि संपादकाला कुठे जातेस ते सांगून निघ.

राजीनाम्याची वाट बघू नकोस. सिंचनाच्या याच आरोपांवरून सप्टेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, डिसेंबरात पुन्हा शपथ घेतली. पुढे चौकशीसाठी चितळे समिती बसली, लाचलुचपत खात्याने चौकशी केली आणि २०१९ मध्ये त्याच खात्याने नागपूर खंडपीठात त्यांचा संबंध आढळला नसल्याचं सांगितलं. पुढाऱ्यावर नजर ठेवलीस तर कालवा विसरशील.

तुझ्या बातमीत शाखा अभियंता आहे, आमदार आहे, दोन कार्यकर्ते आहेत. टेलचा शेतकरी नाही. कालव्याच्या शेवटच्या चारीवर ज्याचं रान आहे त्याला विचार, शेवटचं पाणी कधी आलं. साल नाही सांगता आलं तर पीक सांगेल. कुठलं पीक जळालं हे तो विसरत नाही. मग पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला विचार, पाण्याच्या पाळीची नोंद कुठे ठेवतो.

रविवारी टेलला जाऊन ये. सोमवारी एमबी. येताना पानांचे क्रमांक लिहून आण, मग शीर्षकाचं बघू.

तुझा,
काका